लोहाराचा मुलगा आणि रेसची गाडी

गेल्या वर्षी आपल्या ऑनलाइन वर्गात मी सगळ्यांना एक नेहमीचा प्रश्न विचारला होता. मोठेपणी काय व्हायचे आहे? डॉक्टर, इंजिनिअर, यूट्यूबर अशी उत्तरे आली. एका मुलाने मात्र सांगितले की त्याला रेसच्या गाड्यांचा मेकॅनिक व्हायचे आहे. रेस चालवणारा नाही हं, गाडी तयार करणारा. आणि लगेच त्याने आपली अडचणही सांगितली. ज्याने आधी रेसच्या गाडीवर काम केलेले आहे त्यालाच तिथे घेतात, आणि घेतल्याशिवाय काम करायला मिळत नाही. मग पहिल्यांदा आत शिरायचे तरी कसे?

मी कॉम्प्युटरवाला माणूस. मला गाडीचे तेल बदलायचे म्हटले तरी घाम फुटतो. त्यामुळे तेव्हा मला काही नीट सांगता आले नाही. पण नंतर आठवले की याच दारावर एक मुलगा १९२२ साली येऊन उभा राहिला होता. त्याचे आडनाव तुम्ही रोज रस्त्यावर वाचता. होंडा.

सोइचिरो होंडा याचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमध्ये हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो नावाच्या खेड्यात झाला. वडील गिहेई हे लोहार होते. लोहार म्हणजे लोखंड तापवून, हातोडीने ठोकून त्याच्या वस्तू बनवणारा. आई मिका कापड विणायची. घरात पैसा नव्हता, पण आवाज भरपूर होता. भात्याचा फुसफुस आवाज, ऐरणीवर पडणाऱ्या हातोड्याचा ठणठण आवाज. (भाता म्हणजे विस्तवाला वारा घालायची पिशवी, आणि ऐरण म्हणजे ज्यावर लोखंड ठेवून ठोकतात तो जाड ठोकळा.) पुढे वडिलांनी सायकली दुरुस्त करायला आणि विकायलाही सुरुवात केली. त्यामुळे पाने, पक्कड, तेलाचा डबा ही या पोराची खेळणीच होती.

एकदा गावात मोटार आली. गावाने पाहिलेली पहिली मोटार. सोइचिरो तिच्यामागे पळत सुटला. गाडी थांबली, तेव्हा तिच्यातून थोडे तेल जमिनीवर गळले. बाकीची माणसे गाडीकडे बघत होती, आणि हा मुलगा जमिनीवर वाकून त्या तेलाचा वास घेत होता. हात त्या तेलात बुडवून त्याने नाकाला लावले म्हणे. हा प्रसंग त्याला आयुष्यभर आठवत राहिला.

शाळेत मात्र तो काही फार हुशार विद्यार्थी नव्हता. तिथे प्रगतिपुस्तकावर सही करायची नसे, घराण्याचा शिक्का मारून आणायचा असे. हे मार्क वडिलांना दाखवायचे कसे? सोइचिरोने सायकलच्या पेडलचे रबर कापले आणि स्वतःच शिक्का तयार केला. जमला की! मग काय, वर्गातल्या इतर मुलांनाही त्याने शिक्के करून दिले आणि तिथेच तो पकडला गेला. का, माहीत आहे? शिक्का कोरताना अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. जपानी लिपीत वरून खाली लिहिलेले 'होंडा' हे नाव असे आहे की मधून घडी घातली तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून त्याच्या नावाचा शिक्का सरळच उमटला. इतरांची नावे उलटी उमटली. तुम्ही घरी बटाटा कापून 'क' चा शिक्का करून बघा, म्हणजे त्याची चूक काय झाली ते कळेल.

१९१७ मध्ये आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हामामात्सुला विमानाचे खेळ दाखवायला आला. सोइचिरो तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने घरातून थोडे पैसे उचलले, शाळा बुडवली, वडिलांची सायकल काढली आणि सुमारे वीस किलोमीटरवरचे मैदान गाठले. सायकल मोठ्या माणसाची, सीटवर बसले तर पाय पुरेनात. म्हणून सायकलच्या दांड्यांमधल्या तिकोनी जागेतून एक पाय पलीकडे घालून तो ती मारत गेला. आपल्याकडे याला 'कैची मारणे' म्हणतात. तुमच्या बाबांना किंवा आजोबांना विचारा, त्यांनीही याच पद्धतीने सायकल शिकलेली असण्याची खूप शक्यता आहे. मैदानावर पोहोचल्यावर कळले की तिकिटाला पैसे पुरत नाहीत. तो बाहेरच्या एका झाडावर चढला आणि तिथून त्याने सगळे विमान पाहून घेतले. घरी आल्यावर वडील रागावले खरे, पण पोराने खरोखरच विमान पाहिले हे कळल्यावर त्यांचा राग बराच निवळला.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. आत शिरायचे कसे?

वडिलांच्या दुकानात सायकलच्या धंद्याविषयीचे एक मासिक यायचे. त्यात सोइचिरोला एक जाहिरात दिसली. तोक्योमध्ये 'आर्ट शोकाई' नावाचे एक गॅरेज होते. मोटारी आणि मोटरसायकली दुरुस्त करून मिळतील, एवढेच त्या जाहिरातीत होते. माणसे हवीत असे कुठेही लिहिलेले नव्हते. तरीही या मुलाने त्यांना पत्र पाठवले, मला तुमच्याकडे शिकायला ठेवा म्हणून. होकार आला! १९२२ मध्ये शाळा संपली आणि पंधरा वर्षांचा सोइचिरो वडिलांबरोबर तोक्योला गेला.

इथे एक शब्द शिकून ठेवा : 'उमेदवारी'. आज निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द ऐकू येतो, पण त्याचा एक वेगळा अर्थही आहे. एखाद्या कारागिराच्या हाताखाली राहून, जवळजवळ फुकट काम करत धंदा शिकणे म्हणजे उमेदवारी करणे. सोनार, सुतार, शिंपी सगळे असेच तयार व्हायचे. जपानमध्येही हीच पद्धत होती. जेवायला आणि झोपायला मालकाच्या घरी, पगार नाहीच म्हटले तरी चालेल.

सोइचिरोला वाटले होते की उद्यापासून आपल्या हातात पाना येणार. त्याच्या हातात आले मालकाचे तान्हे बाळ. झाडून काढायचे, फरशी पुसायची, आणि उरलेल्या वेळात बाळाला पाठीवर बांधून फिरवायचे. बाळ पाठीवरच शू करायचे. इतर मेकॅनिक ते बघून हसायचे. आणि समोर, अगदी दहा पावलांवर, त्याने आयुष्यात न पाहिलेल्या परदेशी गाड्या उघड्या पडलेल्या असायच्या. असे सहा महिने गेले.

माझ्या मते त्याच्या सगळ्या आयुष्यातला हाच काळ सर्वांत अवघड होता. पुढे त्याच्यावर मोठी संकटे आली, पण तेव्हा त्याच्या हातात काहीतरी होते. आत्ता काहीच नव्हते. एकदा तर सामान बांधून पळून जायचे त्याने ठरवले होते. मग वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तो राहिला. राहिला तो रडतखडत, त्यात शौर्य वगैरे काही नव्हते. पण बाळ पाठीवर असले तरी डोळे मोकळे होतेच ना! मेकॅनिक इंजिन कसे उघडतात, कोणता भाग आधी काढतात, हे तो बघत राहिला.

मग एका बर्फाच्या दिवशी गॅरेजमध्ये इतके काम आले की माणसे कमी पडली. मालकाने सोइचिरोला हाक मारली आणि हात लावायला सांगितले. त्याने मेकॅनिकचे तेलकट कपडे अंगावर चढवले आणि तो थंडगार, टपटप पाणी गळणाऱ्या गाडीखाली सरपटत गेला. त्या दिवसानंतर बाळ सांभाळायचे काम हळूहळू कमी झाले.

मालकाचे नाव युझो साकाकिबारा. या माणसाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण शिकणारा कितीही हुशार असला तरी शिकवणाराही लागतो. साकाकिबारा स्वतः उत्तम कारागीर होते. नुसत्या दुरुस्त्या करून ते थांबत नसत, इंजिनाचे पिस्टनसुद्धा स्वतः बनवत. काम नीट झाले नाही तर ओरडत, पण शिकवताना हातचे काही राखून ठेवत नसत.

१ सप्टेंबर १९२३ ला दुपारी, बारा वाजायला दोन मिनिटे असताना, तोक्योला प्रचंड भूकंप झाला. जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या. लाकडी घरे पडली आणि शहरभर आग लागली. एक लाखाहून जास्त माणसे गेली. आग गॅरेजकडे येऊ लागली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर काढायच्या होत्या. ज्याला गाडी चालवता येते त्याने ती घेऊन निघायचे. सोइचिरोला खरे तर चालवता येत नव्हती. तरी तो एका गाडीत बसला आणि गर्दीतून ती घेऊन निघाला. आजूबाजूला हाहाकार आणि हा मुलगा मनातून खूश, कारण तो पहिल्यांदाच मोटार चालवत होता! त्याने हे पुढे स्वतःच कबूल केले. ऐकायला बरे वाटत नाही, पण सोळा वर्षांचा मुलगा होता तो.

गॅरेज जळले. बहुतेक मेकॅनिक आपापल्या गावी निघून गेले. रेल्वेच्या पुलाखाली तात्पुरते गॅरेज उभे राहिले आणि तिथे मालकाजवळ जवळजवळ फक्त सोइचिरो आणि त्याच्याहून अनुभवी असा एक मेकॅनिक उरला. काम मात्र ढिगाने होते. आगीत जळालेल्या गाड्या विकत घेऊन त्या पुन्हा चालू करायच्या. रंग उडालेला, सीट जळालेल्या, चाकांचे लाकडी आरे कोळसा झालेले. (चाकाच्या मधल्या भागापासून कडेपर्यंत जाणाऱ्या काड्यांना आरे म्हणतात. तेव्हा मोटारीच्या चाकालाही बैलगाडीसारखे लाकडी आरे असत.) जो मुलगा वर्षभरापूर्वी फरशी पुसत होता, त्याला आता आरे तासण्यापासून इंजिन बसवण्यापर्यंत सगळेच करावे लागले. दुसरे कोणी नव्हतेच.

आणि आता रेस. साकाकिबारांना रेसच्या गाड्यांचा नाद होता. दिवसभराचे काम संपले की रात्री ते, त्यांचे धाकटे भाऊ शिनइची आणि सोइचिरो असे मिळून रेसची गाडी बांधायला बसत. आधी एक गाडी डाइमलरच्या इंजिनावर बांधली. मग त्यांच्या डोक्यात एक वेडी कल्पना आली. जुन्या कर्टिस विमानाचे इंजिन मिळवायचे आणि ते मिचेल नावाच्या अमेरिकन गाडीच्या सांगाड्यावर बसवायचे. आठ सिलिंडर, आठ लिटरहून मोठे, साधारण ९० हॉर्सपॉवरचे इंजिन! विमानाचे इंजिन हवेत एका वेगाने फिरत राहण्यासाठी बनवलेले असते. गाडीला मात्र वळणावर हळू आणि सरळ रस्त्यावर जोरात असे सतत बदलावे लागते. बाजारात तयार भाग मिळत नव्हते, जो लागेल तो हाताने घडवायचा. ज्या तेलाच्या वासामागे सोइचिरो लहानपणी धावला होता, त्या तेलात आता तो रोज रात्री कोपरापर्यंत बुडालेला असायचा.

नोव्हेंबर १९२४ मध्ये ही गाडी, तिचे नावही 'कर्टिस'च, जपानच्या पाचव्या मोटार स्पर्धेत उतरली. चालवायला शिनइची साकाकिबारा. शेजारच्या सीटवर सोइचिरो होंडा, मेकॅनिक म्हणून. तेव्हाच्या रेसमध्ये मेकॅनिक बाहेर हेडफोन लावून उभा नसायचा, तो गाडीतच बसायचा. इंजिनाच्या तेलाचा दाब बघायचा, मागून कोण येतेय ते सांगायचे, काही बिघडले तर उतरून दुरुस्त करायचे. पट्टा नाही, डोक्यावर धड हेल्मेट नाही. त्या दिवशी कर्टिस पहिली आली. सोइचिरोला त्याच महिन्यात अठरा वर्षे पूर्ण झाली होती. पत्र लिहून आत शिरल्याला दोन वर्षे झाली होती, आणि त्यातले पहिले सहा महिने बाळ सांभाळण्यात गेले होते.

त्याच सुमाराला मालकाने त्याला मोरिओका या लांबच्या गावी एका आगीच्या बंबाची दुरुस्ती करायला एकटे पाठवले. एवढासा पोरगा बघून तिथल्या लोकांचा विश्वासच बसेना. त्याला राहायला खोलीही साधीच दिली. त्याने बंब पूर्ण उघडला, तेव्हा लोक आणखी घाबरले. बंब पुन्हा जोडून चालू झाला, पाण्याची धार उडाली, आणि त्या रात्री त्याला चांगल्या खोलीत हलवण्यात आले. हा किस्सा होंडा म्हातारपणीही रंगवून सांगत.

१९२८ मध्ये साकाकिबारांनी त्याला हामामात्सुला 'आर्ट शोकाई'ची शाखा काढायची परवानगी दिली. दुकानाचे नाव शिष्याला द्यायचे हा जपानमध्ये फार मोठा मान. साकाकिबारांच्या सगळ्या शिकाऊ मुलांत तो फक्त होंडाला मिळाला. वय एकवीस. आता तो मालक झाला, त्यामुळे इथून पुढे आपणही त्याला 'ते' म्हणू या.

रेसचे वेड गेले नव्हते. ७ जून १९३६ रोजी तामागावा इथल्या नव्या रेस ट्रॅकवर होंडा स्वतः गाडी चालवत होते. फोर्डचे इंजिन घालून त्यांनीच ती बांधली होती. शेजारी मेकॅनिक म्हणून धाकटा भाऊ बेंजिरो. जोरात असताना दुरुस्तीच्या जागेतून दुसरी एक गाडी अचानक समोर आली. धडक बसली, गाडी उलटली, दोघेही बाहेर फेकले गेले. होंडांना बरेच लागले, पण भावाला त्याहून जास्त लागले. शेजारच्या त्या सीटवर बारा वर्षांपूर्वी ते स्वतः बसले होते. आता तिथे त्यांनी भावाला बसवले होते. त्यानंतर ते रेस चालवण्यापासून दूर झाले.

पुढची गोष्ट पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आहे, म्हणून मी भराभर सांगतो. दुरुस्तीपेक्षा भाग बनवावेत असे त्यांना वाटू लागले आणि त्यांनी पिस्टन रिंगचा कारखाना काढला. रिंगा जमेनात. टोयोटाला तपासायला दिलेल्या ५० पैकी फक्त ३ पास झाल्या. धातूत सिलिकॉन कमी पडते आहे हे एका प्राध्यापकांनी शोधून दिले, तेव्हा तिशीतले होंडा हामामात्सुच्या तंत्रविद्यालयात मुलांबरोबर वर्गात जाऊन बसू लागले. परीक्षा मात्र दिल्या नाहीत, म्हणून शाळेने त्यांना काढले. जे शिकायचे होते ते शिकून झाले होते, त्यामुळे त्यांना काही वाईट वाटले नाही. महायुद्धात बॉम्ब पडले, १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला. उरलेले त्यांनी टोयोटाला विकून टाकले.

युद्धानंतर सैन्याच्या वायरलेस यंत्रांची छोटी इंजिने पडून होती. होंडांनी ती सायकलला जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून त्यांनी घरातली शेकायची गरम पाण्याची बाटली लावली, आणि पत्नी साची ती फटफटी चालवून बघत. यातूनच १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. १९५४ मध्ये ते इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर जगातली सर्वांत अवघड मोटरसायकल शर्यत बघायला गेले. तिथल्या गाड्यांची ताकद आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे हे पाहून हबकले, आणि परत येताना तिथल्या चेन, टायर, कार्बुरेटर बरोबर घेऊन आले. १९५९ मध्ये त्यांच्या गाड्या तिथे उतरल्या, १९६१ मध्ये जिंकल्या. १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिन्थरने होंडाला पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकून दिली.

सगळेच गोड नव्हते. होंडा भयंकर तापट होते, रागाच्या भरात हातातले अवजार फेकत. हट्टीही होते. इंजिन पाण्याऐवजी हवेनेच थंड करायचे हा हट्ट त्यांनी रेसच्या गाडीतही धरला. कंपनीचा ड्रायव्हर जॉन सर्टीस याने ती गाडी धोकादायक आहे म्हणून नाकारली. १९६८ मध्ये फ्रान्सच्या शर्यतीत तीच गाडी पेटून जो श्लेसर हा ड्रायव्हर मेला. मी त्यांचे कौतुक लिहितो आहे, तरी हे गाळणे मला बरोबर वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे नाव घरोघरी आले ते १९८० च्या दशकात, कायनेटिक होंडा या स्कूटरमुळे. माझ्या मामाकडे होती. बटण दाबले की सुरू, गिअर नाहीत. किक मारून दमलेल्या शेजाऱ्यांना ती बघून फार हेवा वाटायचा.

१९७३ मध्ये होंडा निवृत्त झाले. मग त्यांनी देशभर फिरून आपल्या कारखान्यांतल्या आणि दुकानांतल्या माणसांना भेटायचे ठरवले. एका ठिकाणी एक मेकॅनिक हात पुढे करता करता थांबला, कारण हात तेलाने माखलेला होता. तो धुवायला पळणार, तेवढ्यात होंडांनी तो हात तसाच धरला. त्यांचा स्वतःचा डावा हातही जखमांच्या खुणांनी भरलेला होता. उजव्या हातात हातोडा असायचा, आणि फटका चुकला की डाव्याला बसायचा. त्या डाव्या हाताचे चित्र काढून कोणती खूण कोणत्या अवजाराची ते त्यांनी लिहूनही ठेवले आहे.

५ ऑगस्ट १९९१ रोजी, ८४ व्या वर्षी ते गेले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नका, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. गाड्या बनवणाऱ्या माणसामुळे रस्त्यात वाहतूक अडायला नको, म्हणून.

ती कर्टिस गाडी मात्र अजून आहे. जपानमधल्या मोतेगी इथल्या होंडाच्या संग्रहालयात तिला जपून ठेवले आहे. कधी जपानला गेलात तर बघून या. सगळे लोक ते मोठे इंजिन बघतात. तुम्ही चालकाच्या शेजारची सीटही बघा.